निपाणीपलीकडे वीज स्वस्त का? शेजारच्या राज्यांतला फरक नेमका कुठे असतो

प्रश्न असा आहे: कोल्हापूर जिल्ह्यात लहान फाउंड्री आणि मशीनशॉप आहे. दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी सांगतं, सीमा ओलांडून कर्नाटकात जा, वीज स्वस्त, जमीन स्वस्त. दुसरा गुजरातचं नाव घेतो. कायदे तर सगळीकडे जवळपास तेच, माणसंही तीच. मग धंद्याचं वातावरण आणि सरकारी सेवा एवढ्या वेगळ्या का? आणि जायचंच म्हटलं तर बघायचं काय?

‘कायदे तेच’ हे तुम्हाला वाटतं त्याहून जास्त खरं आहे. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होते. गुजरात १ मे १९६० ला वेगळा झाला. १९४८ चा कुळकायदा महाराष्ट्राला आणि गुजरातला एकाच घरातून मिळाला, सातबाराही तोच. औद्योगिक वसाहती उभारणारी आपली एमआयडीसी १९६२ ची, गुजरातची जीआयडीसीही १९६२ ची. तेव्हा कायद्याची कलमं समोरासमोर ठेवून फरक शोधायला बसलात तर हाती फारसं लागत नाही.

फरक येतो तो वाटणीतून. प्रत्येक राज्याच्या डोक्यावर तीन-चार मोठी बिलं असतात: शेतीपंपांची वीज, महानगराचा कारभार, मागास भागाची भरपाई, तोट्यातली बससेवा. ती कोणाला तरी भरावीच लागतात. कोणी भरायची हे त्या त्या राज्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या राजकारणात ठरून गेलं आणि नंतर कोणालाच ते सहज मोडता आलं नाही. ‘उद्योगाला पोषक वातावरण’ म्हणतात ते बव्हंशी हेच, की त्या वाटणीत कारखानदाराच्या खांद्यावर किती आलं.

तुमच्या धंद्यात हे सगळ्यात उघडं दिसतं ते लाइट बिलात, म्हणून तिथेच जरा थांबू.

इंडक्शन फर्नेसमध्ये (विजेच्या भट्टीत) एक टन बिडाचं लोखंड वितळवायला सुमारे ६०० युनिट लागतात. पण वितळवलेलं सगळं कास्टिंग होत नाही. साच्याच्या वाटांत उरलेला धातू (रनर, रायझर) आणि रिजेक्शन वजा जाता हाती येणारा चांगला माल (यील्ड) ६० टक्क्यांच्या आसपास धरा. म्हणजे एक टन चांगल्या कास्टिंगमागे नुसत्या मेल्टिंगला हजार युनिट. सँड प्लांट, कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग, फेटलिंग यांचे आणखी दोन-तीनशे. युनिटमागे एक रुपया फरक पडला तर किलोमागे सव्वा रुपया. महिन्याला १०० टन चांगला माल काढणाऱ्याला तो सव्वा लाख पडतो. ज्या धंद्यात गिऱ्हाईक किलोमागे पन्नास पैशांवरून घासाघीस करतं, तिथे हा फरक पोटावर येतो. कोल्हापूरच्या सुमारे ३०० फाउंड्र्यांची ओरड वीजदराच्याच नावाने का असते, ते यातून कळेल.

आता हा रुपया येतो कुठून? महावितरण शेतकऱ्याला खर्चापेक्षा खूप कमी दराने वीज देते आणि तूट दोन वाटांनी भरून निघते: सरकारचं अनुदान आणि उद्योग-व्यापारी ग्राहकांवर लावलेला जादा दर. ही दुसरी वाट म्हणजे क्रॉस सबसिडी. ती कर्नाटकात आहे, गुजरातेत आहे, सगळीकडे आहे. पण महाराष्ट्रात एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे लक्ष फारसं जात नाही. राज्यातलं सगळ्यात श्रीमंत वीज-गिऱ्हाईक, म्हणजे मुंबईतली ऑफिसं, मॉल, हॉटेलं, बहुतांशी महावितरणकडे नाहीच. मुंबईत टाटा, अदानी आणि बेस्ट वीज वाटतात. महावितरणच्या वाट्याला भांडुप-मुलुंडचा पट्टा. जादा दर भरू शकणारं शहर हिशेबाबाहेर गेलं आणि चाळीस लाखांवर शेतीपंप हिशेबात राहिले. उरलेला भार पुणे, नाशिक, कोल्हापूर, इचलकरंजीच्या कारखान्यांवर. कर्नाटकात बंगळुरूचं गिऱ्हाईक बेस्कॉमकडे म्हणजे सरकारी कंपनीकडेच आहे, आणि तिथल्या कमाईचा आधार हुबळीच्या हेस्कॉमलाही या ना त्या वाटेने मिळतो. शिवाय त्यांच्याकडे शरावतीसारखे जुने, कर्ज फिटलेले जलविद्युत प्रकल्प आहेत. आपल्याकडे कोयना आहे, पण एकूण गरजेच्या मानाने आपण कोळशावर जास्त अवलंबून.

गुजरातची गोष्ट वेगळी. तिथेही शेतीला सवलत आहे, ती कोणी काढलेली नाही. फक्त २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजनेत सुमारे १८ हजार गावांत शेतीचे आणि गावठाणाचे ११ केव्ही फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या) वेगळे केले. त्याआधी एकाच फीडरवर पंप आणि घरं दोन्ही. पंप आवरायला वीजवाले थ्री फेज पुरवठा बंद करायचे, मग शेतकरी कपॅसिटर लावून दोन फेजवर पंप चालवायचे, ट्रान्सफॉर्मर जळायचे आणि गावही अंधारात जायचं. फीडर वेगळे झाले तशी शेतीला ठरलेले आठ तास आणि गावाला पूर्ण वेळ वीज देता आली. यातला खरा फायदा तासांचा नाही. शेती फीडरच्या मुळाशी मीटर बसला आणि शेतीने किती वीज खाल्ली हे समजलं. ते समजत नाही तोवर चोरी आणि गळती ‘शेतीचा वापर’ म्हणून अंदाजात खपून जाते, आणि त्या अंदाजाचे पैसे तुमच्या दरात येतात. महाराष्ट्रानेही गावठाण फीडर वेगळे केले, आधी सिंगल फेजिंग (घरांपुरताच एका फेजचा पुरवठा) केलं, पण टप्प्याटप्प्याने आणि भारनियमनाच्या धबडग्यात. सध्या चालू असलेली सौर कृषी वाहिनी योजना (२०१७ ची, दुसरा टप्पा २०२३ चा) याच दुखण्यावर आहे: शेतीचा फीडर जवळच्या सौर प्रकल्पावर चालवायचा, म्हणजे शेतीसाठी लांबून महागडी वीज आणायला नको. ती नीट पार पडली तर उद्योगावरचा भार खरोखर हलका होईल. कोणत्याही औद्योगिक धोरणाच्या पुस्तिकेपेक्षा मी या योजनेच्या प्रगतीकडे जास्त बारीक बघेन.

दोन राज्यांचा वीजदर ताडताना लोक युनिटचा आकडा ताडतात आणि तिथेच फसतात. बिलात मागणी आकार (केव्हीएवर), वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क आणि विक्री कर अशा ओळी असतात. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर होतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेचं प्रमाण) घसरला की युनिटच वाढतात. दुसऱ्या राज्यात मोजणी केडब्ल्यूएचवर (नुसत्या प्रत्यक्ष कामी आलेल्या युनिटवर) आणि पॉवर फॅक्टरचा दंड वेगळा असेल तर आकडे सरळ ताडता येत नाहीत. सोपा उपाय: आपली मागच्या बारा महिन्यांची बिलं घ्या, त्यातली कमाल मागणी, युनिट आणि वेळवार वापर त्या राज्याच्या चालू दरपत्रकात घालून बारा बिलं पुन्हा तयार करा. एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, एवढाच आकडा खरा. आणि वेळवार दराकडे नीट बघा. बऱ्याच फाउंड्र्यांचं गणित रात्रीच्या सवलतीवर बसलेलं असायचं. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सवलतीचा कल दुपारच्या सौर तासांकडे वळवला आहे. तुमची मेल्टिंगची पाळी रात्रीची असेल तर हा बदल सीमा ओलांडण्यापेक्षा मोठा ठरू शकतो.

आणखी एक. जागा न बदलता दर खाली आणायची वाट आहे: सौर किंवा पवन प्रकल्पात ग्रुप कॅप्टिव्ह भागीदारी, म्हणजे अनेक वापरकर्त्यांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी घेतलेला प्रकल्प. त्यात वापरकर्त्यांचा मिळून किमान २६ टक्के हिस्सा हवा आणि तयार विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनी वापरायला हवी, मग क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. २०२२ च्या हरित ओपन ॲक्सेस (वितरण कंपनीऐवजी थेट प्रकल्पाकडून वीज घेण्याच्या) नियमांनी मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळे लहान फाउंड्रीही यात बसते. चुकतं कुठे, तर हिस्सा आणि वापर यांचं प्रमाण वर्षअखेरीस मोजलं जातं. मंदीत तुमचा वापर घटला आणि अट मोडली तर अधिभार मागे जाऊन वसूल होतो. करारात ही जोखीम कोणाची, ते आधी वाचा.

जमिनीकडे येऊ. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतो, जीआयडीसीचा ९९. कर्नाटकात केआयएडीबीची (तिथल्या औद्योगिक क्षेत्र मंडळाची) जुनी पद्धत आधी भाडेपट्टा, प्रकल्प उभा राहिला की विक्रीखत. कागदावर कर्नाटक सरस वाटतं. पण केआयएडीबी बऱ्याचदा तात्पुरत्या दराने प्लॉट देतं आणि अंतिम दर नंतर ठरवतं. मूळ शेतकऱ्यांना कोर्टाने वाढीव मोबदला दिला की तो बोजा प्लॉटधारकाकडे येऊ शकतो. वाटपपत्रातली ती ओळ वाचल्याशिवाय ‘एकरी इतके स्वस्त’ म्हणू नका. एमआयडीसीत त्रास वेगळा: ठरलेल्या मुदतीत बांधकाम करून पूर्णत्वाचा दाखला घेतला नाही तर मुदतवाढीचं अधिमूल्य भरावं लागतं, आणि प्लॉट विकताना हस्तांतरण शुल्क. दुसऱ्याचा प्लॉट घेणार असाल तर जुन्या मालकाची थकबाकी तुमच्या गळ्यात पडते. ना-देय प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय इसार देऊ नये.

खासगी शेतजमीन घेऊन कारखाना काढायचा तर फरक जास्त जाणवतो. गुजरातने त्याच जुन्या मुंबई कुळकायद्यात ६३अअ हे कलम घातलं: उद्योगासाठी आधी जमीन घ्या, मग मुदतीत कलेक्टरला कळवा. महाराष्ट्रातही ६३-१अ आहे, पण ते जमीन विकास आराखड्यात औद्योगिक झोनमध्ये असण्याशी बांधलेलं. झोन नसेल तर गाडी तिथेच अडते. कर्नाटकात बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला आडवी येणारी ७९अ आणि ७९ब ही कलमं २०२० मध्ये काढली. फरक एवढाच की परवानगी आधी की नंतर. परवानगी आधी असली की टेबलावरच्या माणसाला वजन येतं, नंतर असली की ते वजन जातं.

परवान्यांचंही तेच. गुजरातने आणि राजस्थानने २०१९ मध्ये लहान उद्योगांना पहिली तीन वर्षं राज्याच्या परवानग्यांतून मोकळीक दिली. कर्नाटकाने २०२० मध्ये प्रतिज्ञापत्रावर काम सुरू करायची सोय केली. तेलंगणात २०१४ च्या कायद्याने मोठ्या प्रकल्पाला १५ आणि इतरांना ३० दिवसांत निर्णय, नाहीतर मंजुरी मिळाली असं धरायचं. महाराष्ट्रात परवानग्या एका खिडकीतून देणारा मैत्री कायदा २०२३ मध्ये आला. हे सगळं वाचून हुरळून जाऊ नका. फाउंड्रीला लागणारी प्रदूषण मंडळाची संमती पाणी कायदा १९७४ आणि हवा कायदा १९८१ या केंद्राच्या कायद्यांखाली येते. ती कोणतंही राज्य आपल्या कायद्याने माफ करू शकत नाही. तीन वर्षांच्या मोकळिकीवर विसंबून फर्नेस बसवली आणि संमती घेतली नाही, तर वीज तोडण्याचा आदेश कोणत्याही राज्यात येतो.

क्रमवारीबद्दलही थोडं. केंद्राच्या उद्योगसुलभता क्रमवारीत महाराष्ट्र २०१५ ला आठवा होता, पुढच्या वर्षी दहावा, नंतर तेरावा. २०२० च्या फेरीत वर्गवारी आली तेव्हा कर्नाटक, गुजरात, तेलंगणा पहिल्या गटात आणि महाराष्ट्र दुसऱ्या. गंमत अशी की याच काळात देशात येणाऱ्या परदेशी गुंतवणुकीत महाराष्ट्र आघाडीच्या राज्यांत राहिला. विरोधाभास वाटतो, पण नाही. क्रमवारी मोजते किती सुधारणा पोर्टलवर चढल्या. गुंतवणूक येते ती बंदर, बँका, पुरवठादार, कुशल कामगार आणि मुंबईत मुख्यालय असण्याच्या सोयीमुळे. परदेशी गुंतवणुकीचा आकडाही पुष्कळदा नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर जातो, कारखाना कुठे का असेना. तुमच्या निर्णयात या दोन्ही आकड्यांना जागा नाही.

करांची जुनी भांडणं थोडक्यात. १९९० च्या दशकात राज्यं विक्रीकर माफ करून एकमेकांचे उद्योग ओढायची. सिल्वासा, दमण त्यावरच वाढले. मुंबईपासून एका रात्रीच्या ट्रकवर आणि कर नाही. जकात कर्नाटकाने १९७९ मध्येच काढली, गुजरातने २००७ मध्ये. महाराष्ट्रात ती एलबीटीच्या (स्थानिक संस्था कराच्या) रूपाने रेंगाळली आणि मुंबईत तर थेट ३० जून २०१७ पर्यंत चालली. कारण पुन्हा तेच: मुंबई महापालिकेचं सगळ्यात मोठं उत्पन्न ते होतं, ते कोण भरून देणार? जीएसटी आला तेव्हाच सुटलं.

जीएसटीने सवलतींचं गणितही उलटं केलं आणि हे अजून अनेकांना उमगलेलं नाही. हा कर माल जिथे खपतो तिथल्या राज्याला मिळतो. तुम्ही बेळगावात कास्टिंग करून पुण्याच्या गिऱ्हाइकाला दिलं तर आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लागतो आणि राज्याचा वाटा अखेर महाराष्ट्राकडे येतो. कर्नाटकाकडे परत द्यायला एसजीएसटीच (राज्याचा जीएसटी) उरत नाही. म्हणून ‘एसजीएसटी परतावा’ हे शब्द दिसले की पहिला प्रश्न: माझा किती माल त्याच राज्यात खपतो? गुजरातने २०२० च्या धोरणात यामुळेच मोठ्या उद्योगांसाठी अनुदान एसजीएसटीपासून सोडवून थेट भांडवली गुंतवणुकीशी जोडलं, कर्नाटकाने उलाढालीशी. महाराष्ट्राच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्याच्या वर्गावर (पुढारलेला अ, मग ब, क, आणि मागास ड, ड+) सवलत ठरते. एकाच जिल्ह्यात तालुक्यागणिक वर्ग बदलतो, त्यामुळे नदीच्या या काठाला आणि त्या काठाला अनुदान वेगळं असं होतं. विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि ड, ड+ भागांना २०१६ पासून वीजदरात सवलत दिली गेली. पश्चिम महाराष्ट्राच्या जुन्या औद्योगिक पट्ट्याला ती बहुतेक मिळाली नाही. मागास भागाला झुकतं माप द्यावं की नाही हा राजकारणाचा प्रश्न, पण त्याचं बिल कुठे फाडलं जातं ते कळायला हवं.

अनुदानाबाबत दोन धोके सगळ्या राज्यांत सारखे. एक, पैसे उशिरा येतात, कधी तीन-चार वर्षांनी, कारण अर्थखात्याची तरतूद कमी आणि दावे जास्त. प्रकल्प अहवालात अनुदान शून्य धरून कर्जाचा हप्ता निघत नसेल तर तो प्रकल्प करू नये. दोन, तारखा. योजनेत ठरवलेला टप्पा पार पडण्याआधीच मशिनची ऑर्डर दिली किंवा बिल आधीच्या तारखेचं निघालं की ते यंत्र पात्र गुंतवणुकीतून वगळलं जातं. सगळ्यात जास्त दावे इथे बाद होतात. शिवाय स्थानिक भरतीची अट असते: महाराष्ट्रात ८० टक्के, गुजरातेत ८५ टक्के. कोल्हापूरचे कारागीर सीमेपलीकडे नेऊन तिथलं अनुदान घ्यायचा बेत असेल तर ‘स्थानिक’ची व्याख्या आधी बघा.

कामगार कायद्यांचा बाऊ जास्त होतो. महाराष्ट्राचं एक खरं वेगळेपण म्हणजे १९६९ चा माथाडी कायदा. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. मजुरीवर लेव्ही भरायची, त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. ज्या बाजारात खरे माथाडी आहेत तिथे या कायद्याने माणसांचं आयुष्य बदललं. त्याच्या नावावर औद्योगिक वसाहतीत न केलेल्या हमालीचे पैसे मागणाऱ्या टोळ्या फिरतात, हेही खरं. तो प्रश्न कायद्याचा कमी आणि पोलीस ठाण्याचा जास्त आहे.

आता सरकारी सेवा. इथेही बिल (पैसे कोण भरतं) आणि टेबल (काम कोणाच्या हातात अडतं) या दोनच गोष्टी.

टेबलाचा नमुना कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रकल्पात बघावा. २०००-०१ च्या सुमारास त्यांनी पहाणीपत्रक (आपला सातबारा) संगणकावर घेतलं. सातबारे संगणकावर सगळ्यांनीच घेतले, पण त्यांनी दोन गोष्टी जास्त केल्या: हाताने लिहिलेल्या उताऱ्याची कायदेशीर किंमत काढून घेतली, आणि फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच निकाली निघतील असं यंत्रात बसवलं. मागचा अर्ज पुढे घेता येत नाही म्हटल्यावर पुढे घेण्याचे पैसेही मागता येत नाहीत. महाराष्ट्रात ई-फेरफार त्यानंतर दहाएक वर्षांनी आला, डिजिटल सहीचा सातबारा २०१८ मध्ये. आज या एका बाबतीत फरक फारसा उरलेला नाही, पण मधल्या दशकात ज्यांनी जमिनी घेतल्या त्यांना तो चांगलाच जाणवला.

सेवा हमीचे कायदेही सगळीकडे आहेत: मध्य प्रदेश २०१०, कर्नाटक २०११ (‘सकाल’), महाराष्ट्र २०१५. आपल्याकडे मुदत चुकली तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि मग लोकसेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती. कर्नाटकात दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० अर्जदाराला. या रकमांनी कोणी घाबरत नाही. कायदा चालतो की नाही ते दोन बारीक गोष्टींवर ठरतं. अर्ज दिल्याक्षणी क्रमांक असलेली पोच मिळते का, आणि ‘त्रुटी’ काढली की घड्याळ थांबतं का. घड्याळ पूर्ण अर्जापासूनच सुरू होत असेल तर एकेक कागद मागत तीन महिने काढता येतात आणि नोंदीत मात्र सेवा मुदतीत दिलेली दिसते. म्हणून ऑनलाइन अर्ज करा, सगळी त्रुटी एकदम लेखी मागा, आणि मुदत उलटली की पहिलं अपील त्याच आठवड्यात टाका. अपील टाकलेला अर्ज ढिगातून वर येतो.

बिलाचा नमुना एसटीत. महाराष्ट्रात एसटीच्या तिकिटात १७.५ टक्के प्रवासी कर असतो. एका हाताने सरकार महामंडळाला तगवतं आणि दुसऱ्या हाताने कर घेतं. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट; सीमेपलीकडे त्याच वर्षी जूनपासून ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या महिलांना राज्यातल्या साध्या बसमध्ये तिकीटच नाही. कर्नाटकाने १९९७ पासून महामंडळाचे तुकडे करून हुबळीला स्वतंत्र वायव्य कर्नाटक महामंडळ केलं. आपलं एकच, मुंबईहून चालणारं. तुकडे केल्याने नफा झाला असं नाही, पण बेळगावच्या डेपोच्या गाड्यांचा निर्णय हुबळीत होतो.

निर्णय किती लांबून होतो, हे आरोग्यात सगळ्यात बोचतं. सिंधुदुर्ग आणि गोवा घ्या. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाख, अख्ख्या गोव्याची साडेचौदा लाख. गोव्याला बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याची मुळं १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत. सिंधुदुर्गाला स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२१ उजाडलं. तोवर दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडचा गंभीर रुग्ण बांबोळीलाच जायचा, अजूनही जातो. जानेवारी २०१८ पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात आंदोलन झालं. दोन्ही बाजू समजण्यासारख्या होत्या: गोव्याचं म्हणणं खाटा आमच्या करदात्याच्या, सिंधुदुर्गाचं म्हणणं आम्ही जावं कुठे. गोव्याचे डॉक्टर जास्त हुशार म्हणून हे घडलं नाही. तिथे सबंध राज्याला मुख्य रुग्णालय एकच, मंत्र्याच्या घरापासून तासाभरावर. तिथलं स्कॅनिंग मशीन बंद पडलं तर त्याच दिवशी बोंब होते. सिंधुदुर्गातल्या तज्ज्ञाच्या रिकाम्या जागेची फाइल पाचशे किलोमीटरवर हलते, आणि नेमणूक झालेला डॉक्टर हजर होईलच असं नाही.

लहान राज्य म्हणजे चांगली सेवा असं मात्र नव्हे. कर्नाटकाच्या शेजारचा तमिळनाडू मोठा आहे. तिथलं औषध महामंडळ १९९५ पासून चालतं: दर आधी ठरलेले, प्रत्येक बॅचची बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी, आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक. वर्षाच्या मर्यादेत रुग्णालय आपल्या गरजेची औषधं गोदामातून उचलतं. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी औषध-लस संस्थेकडे दिली, ती जमेना म्हणून २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. खरेदी कोणी करायची एवढंच बदलून भागत नाही. प्राथमिक केंद्राच्या मागणीपासून पुरवठादाराच्या बिलापर्यंतची साखळी एका हातात यावी लागते.

तुमच्या निर्णयाकडे परत येतो. फाउंड्री एकटी हलत नाही. पॅटर्नवाला, सँड पुरवणारा, मशीनशॉप कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या वसाहतींत राहिले आणि फर्नेस पलीकडे गेली तर रोजचा माल राज्याची हद्द ओलांडतो. जॉबवर्कसाठी परराज्यात पाठवलेल्या मालाला किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागतं. ५० हजारांची मर्यादा तिथे लागू नाही. आज किती चलनं हद्द ओलांडतील ते एका महिन्याच्या रजिस्टरवरून मोजा, त्याला एका माणसाचा पगार आणि अडकलेल्या गाडीचं भाडं लावा. दुसरा जीएसटी क्रमांक, दुसरा पीएफ कोड, आयटीसी-०४ (जॉबवर्कला दिलेल्या मालाचं विवरण) भरणं हे वेगळंच. पलीकडे बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीनशॉप आहेत, पण त्यांची गिऱ्हाइकं आणि वेळापत्रकं ठरलेली आहेत. तुमची दहा पीसची घाईची ऑर्डर ते पहिल्या दिवसापासून घेणार नाहीत.

शेवटची चौकशी कोणत्याही मंत्रालयात होत नाही. ज्या प्लॉटवर मन बसलं आहे त्याच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रावर जा आणि तुमच्या संभाव्य फीडरचा बारा महिन्यांचा ट्रिपिंगचा तपशील मागा. फर्नेस भरलेली असताना वीज गेली की आधी भट्टीभोवतीच्या कॉइलचं थंड पाणी सांभाळावं लागतं. डिझेल पंप किंवा उंचावरची टाकी नसेल तर कॉइल जळते. अर्धा-पाऊण तास वीज आली नाही तर धातू आत गोठण्याआधी ओतून टाकावा लागतो, आणि गार पडलेल्या अस्तराला तडे गेले तर रॅमिंग (अस्तर ठोकून बसवणं) नव्याने करावं लागून दोन दिवस जातात. त्या तपशिलात अर्ध्या तासावरचे व्यत्यय महिन्याला दोनपेक्षा जास्त दिसले तर युनिटमागचा रुपया तिथेच संपला. शेजारच्या कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनलाही विचारा, पावसाळ्यात जून-जुलैमध्ये काय होतं म्हणून. उपकेंद्राच्या नोंदवहीत न आलेले झटके त्याच्या लक्षात असतात.